संगणकीय संगीतनिर्मितीत टॅब्लेटचा प्रवेश : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आज अनेक ध्वनिमुद्रण कक्षांत संगणकाशेजारी टॅब्लेट ठेवलेला आढळतो. संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर संगणकावरच चालते; परंतु ट्रॅकचा आवाज कमी-अधिक करणे, मुद्रण सुरू किंवा बंद करणे, परिणाम बदलणे ही कामे टॅब्लेटच्या काचेवर बोट फिरवून केली जातात. अशा वेळी टॅब्लेटमधून संगणकाकडे ध्वनी जात नाही, केवळ आज्ञा जाते. ही पद्धत २०१० साली आयपॅड बाजारात आल्यावर उदयास आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. हाताच्या हालचालीने संगणकाकडून संगीत करवून घेण्याचे प्रयत्न त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून चालू होते. या प्रवासात उपकरणे आली आणि गेली; त्यांना जोडणाऱ्या संकेतभाषा मात्र टिकल्या, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

लेखणी आणि फलक

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. त्या काळी आज्ञा आधी लिहून द्यावयाच्या आणि गणन पूर्ण झाल्यावर फळ ऐकावयाचे, असा क्रम होता. वादकाचा हात आणि त्याचा कान यांच्यातील तत्काळ नाते तेथे तुटलेले होते. ते जोडण्यासाठी मॅथ्यूज आणि त्यांचे सहकारी रिचर्ड मूर यांनी १९७० च्या सुमारास 'ग्रूव्ह' ही यंत्रणा उभी केली. तीत संगणक ध्वनी निर्माण करीत नसे. वादकाने फिरविलेल्या घुंड्यांच्या हालचाली नोंदवून तो बाहेरील ध्वनियंत्रांना चालवीत असे. आजच्या टॅब्लेटचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही.

टॅब्लेटचा खरा पूर्वज मात्र पॅरिसमध्ये सापडतो. वास्तुविशारद ले कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम केलेले संगीतकार यानिस झेनाकिस यांनी १९७७ मध्ये 'यूपिक' ही यंत्रणा साकारली. तीत चित्रकाराच्या फळ्यासारखा एक मोठा फलक होता. त्यावर विद्युत्-लेखणीने रेषा काढावयाची; आडव्या दिशेला काळ आणि उभ्या दिशेला स्वराची उंची. रेषा वर चढली की स्वर चढे, वळली की वळे. १९७८ ची 'मायसीनी-आल्फा' ही झेनाकिस यांची रचना याच फलकावर सिद्ध झाली. स्वरलेखन न जाणणारी मुलेही या फलकावर संगीत रचू शकत. पियानोच्या पट्टीला बारा स्वरांच्या पायऱ्या असतात, रेषेला त्या नसतात. हार्मोनियमवर मींड निघत नाही ही आपल्याकडील जुनी तक्रार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

ऑस्ट्रेलियातील पीटर व्होगेल आणि किम रायरी यांच्या 'फेअरलाइट' या १९७९ च्या संगणकीय वाद्यात पडद्यावर थेट लाइट पेन टेकवून काम करावे लागे. उभ्या पडद्यापुढे हात सतत उचलून धरल्याने तो दुखू लागे. नंतरच्या एका आवृत्तीत लाइट पेनची जागा आडव्या टॅब्लेटने घेतली. संगीततंत्राच्या इतिहासात दुखऱ्या खांद्यालाही स्थान द्यावयास हरकत नसावी!

संकेतभाषांची घडण

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी बोलू लागली ती १९८३ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत सिक्वेन्शियल व रोलंड या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात एकमेकांस जोडून दाखविण्यात आले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरलेल्या या संकेतभाषेचे नाव 'मिडी'. तिच्यातील बहुतेक मूल्ये ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत बसतात. स्वर वाकविण्यासाठी १६,३८४ पायऱ्या असल्या, तरी एका वाहिनीवरील सर्व स्वर एकदमच वाकतात. प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वाकविण्याची प्रमाणित सोय २०१८ मध्ये झाली.

१९९७ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात मॅथ्यू राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी 'ओपन साउंड कंट्रोल' ही दुसरी भाषा मांडली. तिचे संदेश संगणकांच्या जाळ्यावरून जातात, त्यांना वाचता येण्याजोगे पत्ते असतात आणि त्यात १२८ पायऱ्यांचे बंधन नाही. बिनतारी टॅब्लेटचा मार्ग आयपॅडच्या तेरा वर्षे आधी येथे मोकळा झाला होता.

काचेवरील बोटे

फ्रान्समधील जॅझम्युटंट या कंपनीचे 'लेमूर' हे उपकरण २००५ च्या सुमारास आले. अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखणाऱ्या त्याच्या पडद्यावर वादकाला स्वतःच्या सोयीने पट्ट्या आणि घुंड्यांची मांडणी करता येई. आइसलँडच्या गायिका ब्यर्क यांच्या २००७ च्या दौऱ्यात ते वापरले गेले. तथापि ते महाग होते. २००८ मध्ये 'टचओएससी' हे स्वस्त ॲप आयफोनसाठी आले, एप्रिल २०१० मध्ये आयपॅडची विक्री सुरू झाली, त्याच वर्षअखेर जॅझम्युटंटने लेमूरचे उत्पादन थांबविले. २०११ मध्ये लेमूर आयपॅडवरील ॲप म्हणून पुन्हा अवतरले. २०१३ मध्ये ॲपलने स्वतःच्या 'लॉजिक प्रो' या सॉफ्टवेअरसाठी 'लॉजिक रिमोट' दिले, तेव्हा ही पद्धत प्रयोगशील वादकांपुरती उरली नाही.

लाभाबरोबर उणीवही आली. काचेवर बोटाला खूण सापडत नाही. पट्टी कोठे आहे हे पाहण्यासाठी नजर खाली न्यावी लागते. तबलजी तबल्याकडे पाहत नाही, त्याचा हात शाईची जागा जाणतो. हे ज्ञान काच देत नाही. बिनतारी जोडणीत संदेश क्वचित अडखळतो, म्हणून ताल धरण्यापेक्षा आवाजाचे संतुलन साधण्यासाठी टॅब्लेट अधिक उपयुक्त ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ॲपरूपातील लेमूरही २०२२ मध्ये विक्रीतून काढण्यात आले. पुढे दुसऱ्या कंपनीने ते परत आणले. परंतु मधल्या काळात अनेक वादकांसमोर वर्षानुवर्षे घडविलेल्या मांडण्यांचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. मिडीच्या आरंभीच्या वर्षांतील सिंथेसायझर मात्र आजच्या संगणकाला जोडता येतात. महाविद्यालयांच्या संगीत विभागांत अशी साधने येत असताना, एखाद्या प्रयोगाचे केवळ ध्वनिमुद्रण जपले तर वादकाचा हात कोठे आणि कसा फिरला हे उद्याच्या अभ्यासकाला कळणार नाही. त्यासाठी पडद्यावरील मांडणीचे चित्र आणि संगणकाकडे गेलेल्या संदेशांची नोंद ध्वनिफितीसोबतच ठेवावी लागेल.