आकडा जुळला, पण प्रत पूर्ण आहे का?

बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा केला की बहुतेक ठिकाणी टेबलांतल्या नोंदी मोजतात आणि आकडा जुळला की काम संपले असे धरतात. ही रीत संगणकाहून फार जुनी आहे. हस्तलिखिताच्या शेवटी अनेकदा ‘ग्रंथाग्र’ नोंदलेले असे, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून मजकूर किती भरतो तो आकडा. नक्कल करणाऱ्याची मजुरीही त्यावरून ठरे. पण जो आकडा नकलेच्या पोटातूनच पुढे जातो, त्याची साक्ष कितपत धरावी? याचे उत्तर महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मिळते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेली ही आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. आदिपर्वातल्या पर्वसंग्रहात प्रत्येक पर्वाचे अध्याय आणि श्लोक किती, हे महाभारतच सांगते. प्रचलित पाठात आदिपर्वाचे अध्याय २२७ आणि श्लोक ८८८४ दिले आहेत. चिकित्सक पाठात हेच आकडे २१८ आणि ७९८४ आहेत. शिवाय चिकित्सक आवृत्तीतले आदिपर्व प्रत्यक्षात २२५ अध्यायांचे आहे. ज्या हातांनी श्लोक वाढवले, अध्याय तोडले-जोडले, त्यांनाच हे आकडेही बदलता येत होते. म्हणून १९२५पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकठणकरांनी पाठ ठरवताना आकड्यापेक्षा काश्मीरच्या शारदेपासून केरळच्या मल्याळमपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्यांच्या तुलनेवर भर दिला. एकमेकींपासून दूर वाढलेल्या पोथ्या जिथे एकमुखाने बोलतात, तिथला पाठ भरवशाचा.

मग मोजणी निरुपयोगी का? तसे नाही. आकडा चुकला तर काहीतरी बिघडले हे नक्की कळते. जुळला तर मात्र फारसे सिद्ध होत नाही, कारण एक नोंद गळून दुसरी दोनदा आली तरी बेरीज तीच राहते. वैदिकांनी हा धोका ओळखला होता, असे त्यांच्या पाठपद्धतीवरून म्हणता येते. क्रमपाठात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा पदांच्या जोड्या म्हणतात. मधले एक पद गळाले की दोन जोड्या मोडतात. इथे संख्येबरोबर क्रम आणि मजकूरही तपासला जातो.

इतकी तपासणी परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. मोठ्या डेटाबेसची ओळ न् ओळ ताडून पाहायला वेळ लागतो. पण बॅकअप घेतानाच प्रत्येक टेबलाची मोजणी आणि मजकुरावरून काढलेला चेकसम वेगळ्या जागी ठेवला, तर नंतरची तुलना स्वस्तात होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप कामी आले नाहीत आणि सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर भागवावे लागले. तपासणीचा खर्च अशा नुकसानीशी ताडून पाहावा. प्रतीच्या पूर्णतेचा पुरावा प्रतीबाहेर ठेवावा आणि बॅकअप अधूनमधून प्रत्यक्ष उभा करून त्या पुराव्याशी पडताळावा; एवढे झाल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.