लोणारच्या गाळातील अवर्षणाची साक्ष

सागरातील प्रवाळ आपल्या सांगाड्यात जलाचे तापमान नोंदवून ठेवते. पाणी जितके उष्ण, तितके त्या सांगाड्यातील स्ट्रॉन्शियमचे कॅल्शियमशी प्रमाण कमी. समुद्रापासून दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात असेच कार्य लोणारच्या सरोवराने केले आहे. मात्र येथील नोंद तापमानाची नसून पर्जन्याची आहे.

उल्काघाताने निर्माण झालेल्या या विवरातून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. पाऊस उणावला की बाष्पीभवनाने क्षार एकवटतात आणि तळाच्या गाळात गेलुसाइट या खनिजाचे, म्हणजे सोडियम व कॅल्शियम यांच्या सजल कार्बोनेटाचे, स्फटिक बनतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार असे स्फटिक दोन कालखंडांतील गाळात आढळतात : पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हे दोन्ही दीर्घ अवर्षणाचे काळ होत.

लोकस्मृती इतकी मागे जात नाही. इ. स. १३९६ पासून बारा वर्षे टिकल्याचे सांगितले जाणाऱ्या दुर्गादेवीच्या दुष्काळापलीकडे ती बहुधा मूक आहे. ग्रामनामातील ‘लोण’ हे ‘लवण’ या शब्दाचे प्राकृत रूप पाण्याचा खारटपणा सांगते, त्याचा काळ सांगत नाही. तो गाळ सांगतो. परंतु काठावरील यादवकालीन मंदिरेही दुसऱ्या अवर्षणकालातच उभी राहिली. यास्तव अवर्षण म्हणजे सर्वत्र ऱ्हास, असे सरळ समीकरण इतिहासकारास मांडता येणार नाही. गाळ आणि शिला यांची साक्ष त्याने एकत्रच वाचली पाहिजे.