मराठी संगणकलेखनाचा आरंभकाळ : अक्षर, आकृती आणि जुन्या फ्लॉपींचे वाचन

१

नवी मुंबईच्या अलीकडील इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या अभ्यासकास एक विलक्षण अडचण येते. या परिसरासंबंधीचे पेशवेकालीन मोडी कागद अभ्यासाने वाचता येतात. परंतु याच भूमीवर तीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर पुष्कळदा वाचता येत नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. नवी मुंबई महानगरपालिका १७ डिसेंबर १९९१ रोजी अस्तित्वात आली व १ जानेवारी १९९२ पासून तिचा कारभार सुरू झाला. त्याच १९९१ साली भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ या संकेतावलीस भारतीय मानकाचे रूप मिळाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. म्हणजे या नगराचा नागरी कारभार आणि मराठीचे संगणकीय लेखन ही दोन्ही एकाच काळात वाढली. गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, शाळांची वार्षिके, मंडळांच्या स्मरणिका यांसारख्या लेखनापैकी जे केवळ फ्लॉपीवर राहिले, ते आज संकटात आहे. हे संकट यंत्राचे आहेच. परंतु त्याहून अधिक ते लेखनपद्धतीचे आहे, आणि म्हणूनच तो भाषाभ्यासकाचा विषय ठरतो.

२

देवनागरी टंकलेखनयंत्राने अक्षराचे तुकडे केले होते. ‘ग’, ‘ण’, ‘श’ ही अक्षरे अर्धे रूप व काना अशा दोन ठोक्यांनी सिद्ध होत. यंत्रास उच्चाराशी कर्तव्य नव्हते. कागदावर आकृती उमटली म्हणजे त्याचे काम संपे. संगणकाच्या बाबतीत मात्र डोळ्यांस दिसणारी आकृती आणि स्मृतीत साठविलेला संकेत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद ओळखून भारतात जे काम झाले त्याचा आरंभ आय. आय. टी. कानपूर येथे झाला. आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. तेथील ‘जिस्ट’ तंत्राचा विस्तार पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेने केला. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की इंग्रजी आज्ञावलीतही देवनागरी मजकूर पडद्यावर दिसे. त्यामागील इस्की संकेतावलीत प्रत्येक वर्णास एक क्रमांक होता आणि वर्णांचा क्रम उच्चारानुसारी होता. जोडाक्षर कसे दिसावे हे ठरविण्याचे काम कार्डाचे होते. संकेतात केवळ वर्ण राहत.

विंडोज प्रणालीच्या प्रसाराबरोबर परिस्थिती पालटली. त्या काळच्या विंडोजला देवनागरीची जुळणी करता येत नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट प्रचारात आले. सीडॅकचे ‘योगेश’ व ‘सुरेख’ तसेच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे निर्विवाद होय. परंतु या पद्धतीत साठविला जाई तो वर्ण नव्हे, तर आकृतीचा तुकडा; आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर, हे फाँटनिहाय बदलत असे. परिणाम मोठा चमत्कारिक झाला. आधीच्या जिस्ट काळातील धारिका आज तुलनेने सहज उलगडतात, तर नंतरच्या, अधिक देखण्या धारिका दुर्बोध ठरतात.

३

‘मार्मिक’ या शब्दाने हा भेद स्पष्ट होईल. इस्कीत त्याचे वर्ण म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क अशा क्रमाने येतात. आकृतीप्रधान फाँटात हाच शब्द बहुधा म, काना, वेलांटी, म, रफार, क असा साठविला जातो. वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर असून येथे आधी येते. रफार उच्चारात आधी असून येथे नंतर येतो. त्यामुळे केवळ क्रमांकास क्रमांक बदलून रूपांतर होत नाही. त्यास मराठीच्या अक्षररचनेचे नियम लावावे लागतात.

सर्वांत नाजूक प्रश्न मराठीच्या अर्ध्या ‘ऱ्’चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन; ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ही जोडीही अभ्यासकांस परिचित आहे. हिंदीस समोर ठेवून केलेले रूपांतर हा भेद पुसून टाकू शकते. युनिकोडमध्येही हे रूप दोन प्रकारांनी लिहिता येते : ‘ऱ’ व हलन्त, किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. परंतु शोध घेताना वा शब्दसूची करताना ती निरनिराळी मोजली जाऊ शकतात. शब्दसंग्रहाच्या आकडेवारीवर निष्कर्ष बांधणाऱ्याने हे ध्यानी धरणे आवश्यक आहे.

४

आता प्रत्यक्ष पद्धतीविषयी. खाडीकाठच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी साफ केल्याविना यंत्रात घातल्यास तिचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि यंत्राचे वाचनशीर्षही दूषित होते. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवावी व सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने झाकावी, म्हणजे चुकून तीवर लेखन होत नाही. जुना संगणक सुरू करण्यापूर्वी त्यातील घड्याळाची बॅटरी गळली आहे काय, हे पाहावे. तिच्या स्रावाने विद्युतमार्ग खाल्ले जातात. निवडक धारिका उचलण्याऐवजी प्रथम संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या प्रतीवरच करावे.

त्यानंतर संकेत ओळखावा. बहुतेक क्रमांक १६१ व त्यापुढील असतील तर मजकूर इस्कीत असण्याचा संभव मोठा. निरर्थक इंग्रजी अक्षरांची गर्दी असेल तर तो आकृतीप्रधान फाँटातील समजावा. फाँटाचे नाव धारिकेत नसेल तर भाषाच साहाय्यास येते : पूर्णविरामापूर्वी वारंवार आढळणारा चिन्हसमूह बहुधा ‘आहे’चा असतो. त्या काळची छापील प्रत उपलब्ध असल्यास ती रूपांतरास कसोटी म्हणून वापरावी. जुना फाँट फ्लॉपीसोबतच जपून ठेवावा. त्याच्यावाचून मूळ पान पुन्हा दिसणार नाही.

५

२००० साली विंडोजमध्ये देवनागरीची जुळणी आली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी सिद्ध केला होता. ज्या राष्ट्रीय संगणकतंत्र केंद्रात त्यांनी काम केले, ते पुढे सीडॅकमध्ये विलीन झाले. सीडॅकच्या मुंबई केंद्राचे एक कार्यालय आज सीबीडी बेलापूर येथे आहे. युनिकोडने पुन्हा वर्णासच प्रमाण मानले. २००८ मध्ये मराठीस हवा असलेला ‘ॲ’ तीत समाविष्ट झाला आणि २०१४ मध्ये मोडी लिपीसही स्थान मिळाले.

मधल्या दशकातील मजकूर मात्र आपोआप सुधारणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांतील पाठभेद नोंदविण्याची जी शिस्त घालून दिली, तीच येथे लागू पडते : मूळ प्रत अबाधित राखणे, प्रत्येक रूपांतराची नोंद ठेवणे आणि शंकास्पद पाठ शंकास्पद म्हणूनच दाखविणे. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी हे काम विशिष्ट परिसर निवडून हाती घ्यावयास हवे. कारण मोडी कागदास वाचक पुरतो, या साहित्यास मात्र वाचक, यंत्र आणि फाँट ही तिन्ही एकाच वेळी उपलब्ध असावी लागतात, आणि यंत्रे दरवर्षी भंगारात जात आहेत.