नकाराचा किनारा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याचे नाव 'कोस्टा देल सोल', म्हणजे सूर्याचा किनारा. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याचे 'कोस्टा देल क्राइम' असे उपहासात्मक नामांतर केले. या नामांतरामागे एका कराराचा इतिहास आहे. ब्रिटन व स्पेन यांच्यात गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याविषयी १८७८ साली करार झाला होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ साली, तो संपुष्टात आला. नवा करार १९८५ साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. मधल्या सात-आठ वर्षांत लंडनहून दोन-अडीच तासांच्या विमानप्रवासाच्या अंतरावर असा एक प्रदेश निर्माण झाला, की जेथे पोहोचलेल्या ब्रिटिश आरोपीला परत आणण्याचा सुगम कायदेशीर मार्ग ब्रिटिश पोलिसांपाशी उरला नाही. ऊन, समुद्र, स्वस्त मद्य आणि आधीच तेथे स्थायिक झालेले हजारो निरुपद्रवी इंग्रज पेन्शनर यांच्या गर्दीत लंडनच्या पूर्व व दक्षिण भागांतील काही वजनदार गृहस्थ सहज मिसळून गेले.

ही पळवाट उघडी असतानाच, १९८३ या एका वर्षात, लंडनमध्ये दोन मोठे दरोडे पडले. ईस्टरच्या सोमवारी शोरडिच येथील 'सिक्युरिटी एक्स्प्रेस' या कंपनीच्या आगारातून सुमारे ६० लाख पौंड लुटले गेले. नोव्हेंबरात हीथ्रो विमानतळानजीकच्या 'ब्रिंक्स-मॅट' गोदामातून सुमारे २ कोटी ६० लाख पौंडांचे सोने नाहीसे झाले. सिक्युरिटी एक्स्प्रेस प्रकरणात पोलिसांना हवा असलेला रॉनी नाइट हा त्यानंतर दहा वर्षे स्पेनमध्ये राहिला. १९९४ साली तो आपण होऊन मायदेशी परतला आणि चोरीचा पैसा हाताळल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. १९६३ च्या प्रसिद्ध रेल्वे दरोड्यातील चार्ली विल्सन याची कथा निराळी आहे. त्याने शिक्षा भोगली, सुटल्यानंतर तो स्पेनमध्ये मार्बेला येथे राहू लागला आणि १९९० साली तेथील घरीच गोळ्या घालून त्याची हत्या झाली. पहिल्याला अखेर कायद्याने गाठले, दुसऱ्याला त्याच्याच जगाने. त्या किनाऱ्यावरील निवृत्तीचे अंतरंग या दोन चरित्रांत सामावलेले आहे.

जोनाथन ग्लेझर याचा 'सेक्सी बीस्ट' हा चित्रपट २००० साली पूर्ण झाला, तो या इतिहासाच्या उतरत्या सावलीत. जाहिराती व संगीतपट यांतून नाव मिळविलेल्या ग्लेझरचा हा पहिलाच कथापट. लुई मेलिस व डेव्हिड सिंटो यांनी त्याची पटकथा लिहिली. नायक गॅल डव्ह हा तिजोऱ्या फोडण्याचा धंदा सोडून पत्नी डीडीसह स्पेनमध्ये राहतो आहे. रे विन्स्टनने साकारलेला हा गॅल पोट सुटलेला, उन्हाने तांबूस झालेला, सुस्त आणि खरोखर सुखी माणूस आहे. प्रारंभीच्या दृश्यात तो पोहण्याच्या तलावाकाठी पहुडलेला असता टेकडीवरून एक प्रचंड धोंडा गडगडत येतो, त्याच्या अंगावरून थोडक्यात चुकतो आणि तलावात कोसळतो. पुढे येणारा डॉन लोगन हा त्या धोंड्याचाच मानवी अवतार होय.

डॉनचे काम एकच आहे. लंडनमध्ये एका तिजोरीघरावर दरोडा घालावयाचा आहे आणि त्यासाठी गॅलचा होकार मिळवावयाचा आहे. गॅल नकार देतो. हा नकार कथेच्या केंद्रस्थानी आहे आणि तो मुळीच वीरोचित नाही. गॅल मोठ्याने बोलत नाही, तत्त्वाचा आधार घेत नाही; तो आभार मानतो, क्षमा मागतो, आपण आता त्या योग्यतेचे उरलो नाही असे सांगून स्वतःला लहान करून घेतो. डॉनही प्रारंभी शस्त्राने धमकावीत नाही. तो त्याच घरात मुक्काम ठोकतो, तेच वाक्य पुन्हापुन्हा उच्चारतो, मध्येच मैत्रीची आठवण काढतो, मध्येच अपमान करतो, मध्येच गप्प बसतो. गॅलच्या मित्राच्या पत्नीशी पूर्वी आपला संबंध होता हेही तो हत्यारासारखे वापरतो. आपल्या जगात 'नाही' हा शब्द उत्तर म्हणून गणलाच जात नाही, एवढेच त्याला सिद्ध करावयाचे असते. सावकार, गावगुंड किंवा कुटुंबातील हेकट वडीलधारा यांच्या दडपणाचा अनुभव ज्याला आहे, त्याला ही पद्धत परकी वाटणार नाही.

डॉनची भूमिका बेन किंग्जली याने केली, हा योगायोग भारतीय प्रेक्षकाला विशेष जाणवावा असा आहे. १९४३ साली यॉर्कशायरमध्ये कृष्ण भांजी या नावाने जन्मलेल्या या नटाचे पितृकुल मूळचे गुजरातचे. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात त्याने महात्माजींची भूमिका केली. कस्तुरबांच्या भूमिकेत मराठी रंगभूमीवरील रोहिणी हट्टंगडी होत्या. त्या भूमिकेत किंग्जलीने एका साम्राज्याला शांतपणे नकार देणारा माणूस उभा केला होता. अठरा वर्षांनी त्याच नटाने दुसऱ्याचा नकार सहन न होणारा माणूस तितक्याच समर्थपणे उभा केला आणि साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्कर पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. ताठ कणा, स्थिर नजर आणि शब्दांवरील घट्ट पकड ही नटाची सामग्री दोन्हीकडे एकच. तिचे प्रयोजन मात्र पूर्णतः उलटे.

ब्रिटिश गुन्हेगारी चित्रपटाच्या परंपरेत या कलाकृतीचे स्थान पाहणे उद्बोधक ठरते. १९७१ च्या 'गेट कार्टर'मधील नायक भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी लंडनहून जन्मगावी परततो. १९८० च्या 'द लाँग गुड फ्रायडे'मधील टोळीनायकाला लंडनच्या जुन्या गोदीचा विकास करून प्रतिष्ठित उद्योजक व्हावयाचे असते. १९८४ चा स्टीफन फ्रिअर्स यांचा 'द हिट' तर थेट स्पेनमध्येच घडतो: साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन तेथे दडलेल्या माणसाला दहा वर्षांनी मारेकरी उचलून नेतात. 'द हिट' आणि 'सेक्सी बीस्ट' या दोहोंचा निर्माता जेरेमी टॉमस हा एकच आहे. १९७० च्या 'परफॉर्मन्स'मध्ये टोळीतील गुंड रंगविणारा जेम्स फॉक्स 'सेक्सी बीस्ट'मध्ये हॅरी या धनाढ्य गृहस्थाच्या रूपात दिसतो. ज्या तिजोरीघरावर दरोडा पडावयाचा, ते याचेच. टोळीप्रमुख टेडी बास आणि हॅरी यांची ओळख उच्चभ्रूंच्या एका विलासी मेजवानीत झालेली असते. गुन्हेगार व प्रतिष्ठित यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे चित्रपट भाष्य न करता दाखवितो.

या कथेत पोलीस जवळजवळ नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. करार, न्यायालय, प्रत्यार्पण यांपैकी कशाचेही भय गॅलला नाही. स्पेनच्या भूमीवर डॉनचा अंत होतो; पहिली गोळी डीडी झाडते. त्यानंतर गॅल लंडनला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला डॉनने त्याचे मन वळविले असे वाटेल. प्रत्यक्षात डॉनच्या मृत्यूचा संशय येऊ नये म्हणून त्याला जावेच लागते. नकार अखेरपर्यंत टिकला, परंतु त्या नकाराची किंमत म्हणून तेच काम करावे लागले. शेजारच्या स्नानगृहाची भिंत फोडून, पाण्याने भरलेल्या तिजोरीघरात शिरून तो ते उरकतो आणि घरी परततो. डॉन त्याच तलावाखाली पुरलेला आहे. भूतकाळ मागे टाकता आला नाही. तो अंगणात गाडून त्यावर पुन्हा फरशी बसवावी लागली.

इतिहासाने मात्र या कथेला एक अनपेक्षित पुरवणी जोडली. एप्रिल २०१५ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेतील तळघरात सुमारे अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत यंत्राने भेदून तिजोरीघर लुटले गेले. पकडले गेलेले प्रमुख आरोपी बहुतांशी वृद्ध होते. ७६ वर्षांचा ब्रायन रीडर हा ब्रिंक्स-मॅटचे सोने हाताळल्याबद्दल १९८६ साली शिक्षा झालेला. ६७ वर्षांचा टेरी पर्किन्स हा १९८३ च्या त्याच सिक्युरिटी एक्स्प्रेस दरोड्यात बावीस वर्षांची शिक्षा झालेला. पहिल्या रात्री भिंतीपलीकडचे जड कपाट हलेना, तेव्हा रीडर माघारी फिरला तो पुन्हा आला नाही. इतर मात्र नवे अवजार घेऊन दुसऱ्या रात्री परत आले. त्यांतील बहुतेकांना सहा-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. पर्किन्स २०१८ साली तुरुंगातच मरण पावला.

या वृद्धांच्या दारी कोणी डॉन लोगन येऊन बसल्याचे न्यायालयापुढे आले नाही. कोणी धाक घातला नव्हता. कसब होते, जुनी ओळख होती, आणि रिकामे दिवस होते. चित्रपटाने निवृत्तीचा शत्रू घराच्या फाटकाबाहेरून आणला. हॅटन गार्डनच्या वृद्धांच्या बाबतीत तो घरातच राहत होता. म्हणून गॅलची कथा पुन्हा पाहताना लक्ष जाते ते डीडीकडे. पतीचा सारा पूर्वेतिहास ठाऊक असूनही त्याच्यासोबत वर्तमानात राहणारी, आणि तो वर्तमानकाळ राखण्यासाठी बंदूक उचलणारी ती आहे. गॅलजवळ परत येण्याजोगे कोणीतरी होते, म्हणूनच त्याच्या नकाराला अर्थ होता.

२०१८ साली हॅटन गार्डनच्या दरोड्यावर 'किंग ऑफ थीव्ह्ज' हा चित्रपट निघाला. मायकेल केनने रीडरची भूमिका केली, आणि टोळीतील डॅनी जोन्स या दरोडेखोराच्या भूमिकेत होता रे विन्स्टन. तलावाकाठी पहुडून 'नाही' म्हणणारा तोच नट अठरा वर्षांनी पडद्यावर पुन्हा तिजोरीच्या भिंतीपुढे उभा राहिला. या वेळी त्याला कोणी बोलवायला गेले नव्हते.