दाई, आया, खाला : मूल सांभाळणारीला काय म्हणायचं?

मूल सांभाळायला पगारावर बाई ठेवली की तिला हाक कशी मारायची, हे घरागणिक बदलतं. कुठे मावशी, कुठे खाला, कुठे नुसतंच बाई. हे शब्द आले कुठून, ते पाहू.

‘दाई’चं नातं फारसी ‘दाया’शी आहे. अर्थ दूध पाजणारी, मूल वाढवणारी. मराठीत सुईणीलाही दाई म्हणतात. शाळा-दवाखान्यातली ‘आया’ मात्र पोर्तुगीज भाषेतून आली. पुढे इंग्रजांनी हा शब्द उचलला. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने विलायतेला गेलेल्या कित्येक आयांना तिथे पोचल्यावर काम संपलं म्हणून वाऱ्यावर सोडलं गेलं. अशा बायकांना आसरा देणारं ‘आयाज होम’ लंडनच्या हॅकनी भागात होतं. त्या इमारतीवर २०२२ साली स्मृतिफलक लागला.

उर्दूत दूध पाजणारी ती ‘अन्ना’. मुघल दरबारात ‘अनगा’, आणि तिचा मुलगा तो ‘कोका’, म्हणजे दूधभाऊ. अकबराच्या जीजी अनगाचा मुलगा मिर्झा अजीज कोका पुढे मोठा सरदार झाला. मराठीतही दूधआई आणि दूधभाऊ आहेतच. संभाजीराजांची दूधआई कापूरहोळची धाराऊ, हे सर्वांना ठाऊक आहे.

अरबीत दूध पाजणारीला ‘मुर्जिआ’ म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांना बनू साद कबिल्यातल्या हजरत हलीमा सादिया (रजि.) यांनी दूध पाजलं. दुधाचं हे नातं, ‘रजाअत’, इतकं पक्कं मानलं गेलं की दूधभाऊ-बहिणीचा निकाह होत नाही. पण नातं जोडलं म्हणून मोबदला बुडत नाही. सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजवून घेतलं तर ठरलेलं देणं द्या, असं सांगितलंय. सूरह अत-तलाकमध्ये तर घटस्फोटित आईने बाळाला पाजलं तर तिलाही ‘उजूर’, म्हणजे मजुरी, द्यायला सांगितली आहे.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. ‘खाला, तुम्ही घरच्याच की!’ म्हणायचं आणि आठवड्याची सुट्टी मागितली की तोंड वाकडं करायचं. सरकारी शब्दही याच वळणाचे. अंगणवाडीत ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’, त्यांना मिळतं ते ‘मानधन’, पगार नव्हे. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हाही त्या कामगार की स्वयंसेविका यावरच वाद घातला गेला होता. घरात काम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे. मूल सांभाळणाऱ्या खालाचं नाव तिथे नोंदवलंय का, हे विचारायला हरकत नाही.

आखातात कामाला जाणाऱ्या बहिणींसाठी आणखी दोन शब्द. ‘मुरब्बिया’ म्हणजे मुलांचं संगोपन करणारी. ‘तरबियत’ त्याच धातूतला. ‘खादिमा’ म्हणजे घरकाम करणारी. करारावर यातला कोणता शब्द आहे आणि स्वयंपाक-धुणं त्यात धरलंय का, हे सही करण्याआधी अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावं.