एका तारेवर दोन लहरी
८० मीटरच्या लहरींसाठी दुबाहू एरियल ताणावयाचे तर सुमारे १३० फूट जागा हवी. हौशी नभोवाणीकाराच्या परसात ती कोठून यावी? अमेरिकेतील चेस्टर बुकॅनन यांनी मार्च १९५५ च्या ‘क्यूएसटी’ मासिकात तोड मांडली. मध्यापासून दोहों बाजूंस ३२ फुटांवर तारेचे वेटोळे व त्यास समांतर कंडेन्सर, हाच ‘ट्रॅप’. पुढे २२ फूट तार. ४० मीटरच्या लहरीस ट्रॅप दार लावतो, म्हणून आतील तारच काम करते. ८० मीटरच्या लहरीस तो वाट देतो आणि उणी लांबी वेटोळे भरून काढते. काम १०८ फुटांत भागले! वेटोळे घरी गुंडाळणे सोपे. प्रखर विद्युद्दाब आणि पाऊस सोसणारा कंडेन्सर मिळविणे, हीच खरी कसोटी. पुढे १९८० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी कोअॅक्सियल केबलच नळीवर गुंडाळली; तिच्या अंगच्या धारणशक्तीमुळे वेगळा कंडेन्सर लागेनासा झाला.