गोफणीचा गोटा

आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात फेकायला दगड सापडत नाही. जिंतूरच्या डोंगराकडचा माणूस हे ऐकून हसतो. पण गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यातली जमीन तशीच आहे. पुरुषभर खड्डा घेतला तरी काळीच लागते. नांगराला खडा लागत नाही, म्हणून शेतकरी खुशीत. पण ज्वारीला दाणा भरला आणि पाखरं उतरली, की गोफणीत घालायचं काय हा प्रश्न दरसाल नव्यानं उभा राहायचा.

त्याचं उत्तर जुन्या माणसांनी मातीतच शोधलं होतं. राखण सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस आमच्या वाड्याच्या ओट्यावर मातीचे गोटे वळायचं काम चालायचं. नुसत्या काळ्या मातीचा गोटा टिकत नाही. काळी वाळताना आकसते, तडकते आणि हातातच फुटते. म्हणून काळीत गावठाणाची पांढरी मिसळायची, मूठभर भुसकट टाकायचं, पाणी बेतानं घालून तुडवायचं. वळलेले गोटे आधी सावलीत आणि मग उन्हात वाळवायचे. एकदम उन्हात टाकले की चिरा पडल्याच म्हणून समजा.

हे गोटे तीन मापांचे असत. शेर-छटाकाची मापं सरकारी कागदातून १९५८ नंतर हळूहळू गेली, पण आमच्या ओट्यावर ती पुढं कितीतरी वर्षं नांदत होती. सुपारीएवढा गोटा तोळा-सव्वा तोळ्याचा. लिंबाएवढा छटाकाचा, म्हणजे पाच तोळ्यांचा, आजच्या हिशेबानं ५८ ग्रॅमच्या आसपास. तिसरा पेरूएवढा, अर्ध्या पावशेराचा. तो रातच्या जागलीला रानडुकरांसाठी. आबा, म्हणजे माझे आजोबा, वाळलेला गोटा तळहातावर उडवून बघायचे आणि हलका-भारी वेगळा टाकायचे. तराजू कधी काढला नाही.

वजनावर एवढा जीव का टाकायचा, हे त्यांना विचारलं तर म्हणायचे, "आरं, हाताला सवय वजनाची लागती. रोज येगळं वजन दिलं तर हात इसरतो."

यात सगळं आलं. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत धरलेली, मधल्या विणलेल्या पट्टीत गोटा. डोक्याभोवती एक-दोन फेरे देऊन चिमटी सोडायची. चिमटी नेमकी कधी सोडायची हे डोळा सांगत नाही, दोरीला बसलेला ताण सांगतो. गोटा जड असला तर ताण जास्त आणि फेरा मंद. हलका असला तर फेरा झपाट्यानं होतो, पण सुटलेला गोटा वाऱ्यात लवकर दमतो. सुपारीएवढा गोटा सणकन निघायचा आणि अर्ध्या वावरातच ढेपाळायचा. छटाकाचा त्याच हातानं दुसऱ्या बांधापर्यंत जायचा. अर्ध्या पावशेराचा त्याहून जवळ पडायचा, पण जिथं पडायचा तिथं धप्प आवाज करायचा. डुकराला तो आवाज पुरत असे.

हा हिशेब आमच्या आबांनी काढलेला नव्हे. माणसानं लांबवर काही फेकायला सुरुवात केली तेव्हापासूनचा तो आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीचे गोफणगोळे मिळाले आहेत. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून कित्येक वर्षं खणलं, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उघडी पडली. अशा वस्त्यांच्या वस्तूंमध्ये गोफणीचे गोटेही असतात. पीक आलं की राखण आलीच.

धनुष्यबाणाच्या लोकांनी हाच हिशेब जास्त बारकाईनं मांडला. शार्ङ्गधरपद्धती नावाचा चौदाव्या शतकातला संस्कृत संग्रह आहे, त्यात धनुर्वेदाचा एक भाग आहे. त्यात बाणाच्या फाळांची नावं येतात: आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. सुईसारखं सूचीमुख चिलखत भेदायला, अर्धचंद्र मान उडवायला, वासराच्या दातासारखं वत्सदंत धनुष्याची दोरी तोडायला. धनुर्वेदाच्या पोथ्या बाणाच्या काडीचेही तीन प्रकार सांगतात. पुढून जाड ती स्त्री, मागून जाड तो पुरुष, दोन्हीकडून सारखा तो नपुंसक. पुढून जाड बाण लांब जातो, मागून जाड बाण घट्ट भेदतो आणि सारखा बाण नेम शिकायला चांगला, असं त्यांचं म्हणणं. नावं आज कानाला खटकतील. पण बाणाचं वजन कुठं ठेवायचं यावर माणसं केवढा विचार करत होती, ते त्यातून दिसतं.

त्यामागचं कारण सोपं आहे. फाळ फार हलकं असलं तर बाणाचं शेपूट हवेत डुलतं आणि नेम फिरतो. फार जड असलं तर बाण लवकर खाली झुकतो. शिवाय दोरी मागून ढकलते आणि पुढचं जड टोक अडून बसतं, त्यामुळे काडी गरजेपेक्षा जास्त वाकते. म्हणून फाळ जड करायचं तर काडीही ताठ घ्यावी लागते. सातपुड्यातला भिल्ल बांबूचं कामठं आणि बांबूच्याच सालीची दोरी वापरतो. तो पाखराला टोकदार फाळ लावत नाही, बोथट टोकाचा बाण घेतो. टोकदार बाण फांदीत रुतून बसतो, बोथट खाली पडतो आणि पुन्हा कामाला येतो.

मग आमच्या सपाट मुलखात तीरकमठा का रुजला नाही? रान उघडं. काळवीट दोन वावरांवरून माणूस हेरतं आणि उधळतं. बाणाच्या टप्प्यात यायला आडोसा लागतो, तो इथं नाही. म्हणून इकडचा शिकारी फासेपारधी. त्याचं हत्यार म्हणजे फासा, आणि फाशाला लागते ती सबुरी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून १९५२ साली गेला, पण पारध्याच्या कपाळावर लोकांनी तो पुढंही ठेवलाच. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. हरणं वाचली हे चांगलंच झालं. फाशावर जगणाऱ्या माणसाला मात्र दुसरं काय काम द्यायचं, हे कुणी धड ठरवलं नाही.

गोफण कुठल्या कायद्यात अडकली नाही, कारण ती शिकारीची नव्हतीच. आमच्या सालगड्याला आबांची ताकीद असे, "उठवायचं, मारायचं न्हाई." गोफणीच्या मोकळ्या दोरीच्या टोकाला अंबाडीचा झुबका असतो. फेरा देऊन झटका मारला की त्याचा फटाक्यासारखा आवाज निघतो. दहापैकी सहा वेळा त्या आवाजावरच काम भागायचं. गोटा लागायचा तो भोरड्यांना. भोरड्यांचा थवा म्हणजे वरून टाकलेली काळी-गुलाबी चादर. पावसाळ्याच्या शेवटी मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जातात. ज्वारीवर बसल्या की कणसाचा नुसता पिशा उरतो. पण हीच पाखरं टोळ आणि नाकतोडेही खातात, हे आबांना ठाऊक होतं. म्हणून छटाकाचा गोटा थव्यात नाही, थव्याच्या पुढं टाकायचा. गोटा ताटाला लागून फुटतो, माती उडते आणि थवा वळतो. फुटलेला गोटा रानातच विरतो. मातीची माती.

१९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली आणि दोन-चार वर्षांत आमच्या शिवारातही 'हायब्रीड' शिरली. ठेंगणी, भरघोस, आणि गावरान ज्वारीच्या आधी पिकणारी. ज्याचं वावर पहिलं पिकलं, शिवारातली सगळी पाखरं त्याच्यावर. जुन्या ज्वारीत राखणीचं ओझं गावभर वाटलं जायचं. हायब्रीडनं ते दोन-चार जणांच्या माथी मारलं. राखणदार कमी पडले आणि माळ्यावर पोरं बसू लागली.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच वर्षी आमच्या पांढरीत खायला ज्वारी नव्हती. रेशनवर लाल मिलो आली. गावातली बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रस्ते झाले. रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग लागले आणि आमच्या काळ्या मुलखात पहिल्यांदा फुकटचा दगड आला.

पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी आली. गोटे वळायला मात्र कुणाला सवड नव्हती. दुष्काळानं घरं खिळखिळी झालेली, जो तो मजुरीच्या मागे. माळ्यावरच्या पोरांनी रस्त्याकडची खडी झोळीत भरली. खडीचा तुकडा आकारानं छटाकाच्या गोट्यापेक्षा लहान दिसायचा, पण वजन तेवढंच किंवा त्याहून जास्त. शिवाय कोनाकोनाचा. हातातून सुटला की कुठं वळेल याचा नेम नाही. आणि तो ताटाला लागून फुटत नाही, ताट तोडून पुढं जातो.

दिवाळीच्या आसपास, शेजारच्या वावरात कापसाची पहिली वेचणी चालली होती. एका माळ्यावरच्या पोरानं भोरड्यांवर खडी सोडली. ती ज्वारी ओलांडून बांधापलीकडं गेली आणि आमच्या भावकीतल्या एका चुलतीच्या डोळ्याखाली बसली. बैलगाडीत घालून तिला परभणीला नेलं. जीव वाचला, उजवा डोळा गेला.

गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, पोलिसात द्या. दुसरा म्हणायचा, बारा वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतं. मारुतीच्या पारावर रात्री उशिरापर्यंत बसणं झालं. ज्याचं वावर, त्यानं चुलतीला दोन साल खाण्यापुरती ज्वारी द्यायची आणि दवाखान्याचा खर्च भरायचा, असं ठरलं. आबा शेवटी एवढंच बोलले, "पोराला काय इचारता? मोफतचा दगड बघून आपुन गोटे वळायचं सोडलं, ते इचारा." त्या रात्रीपासून आमच्या शिवारात गोफणीला खडी बंद झाली. खडी घातलेली दिसली तर गोफण जप्त.

चुलती बरी होऊन आली. वेचणीला बसायला तिला जमेना, अंतराचा अंदाज चुकायचा. पुढच्या साली राखणीच्या आधी ती स्वतःहून आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिनं मातीत हात घातला. वळायला डोळ्याचं काम नव्हतंच, हाताचं होतं. तिचे गोटे एका साच्यातून काढल्यासारखे निघत. मी कॉलेजात असताना सुट्टीत त्यातले दहा गोटे किराणा दुकानाच्या काट्यावर टाकून पाहिले. सगळ्यांत हलक्या आणि सगळ्यांत भारी गोट्यात पाच ग्रॅमचाही फरक नव्हता. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय पाह्यचंय? एकाच मुठीतून निघालेत ते." पोलिसात द्या म्हणणाऱ्या घरचे लोकही तिच्याकडूनच टोपलीभर गोटे घेऊन जात. ज्या पोरानं खडी सोडली होती ते पोरगं तिला पांढरी माती आणून द्यायचं. कुणी सांगितलं होतं की आपल्या मनानं, कोण जाणे. ती त्याच्याशी फार बोलायची नाही. पण माती ओतली की तांब्याभर पाणी पुढं करायची.

नव्वदनंतर आमच्याकडं सोयाबीन आलं आणि वाढतच गेलं. खरिपाची ज्वारी मागं सरली. सोयाबीनच्या शेंगेवर भोरड्या बसत नाहीत. माळे मोडले, अंबाडी लावणारं कुणी उरलं नाही, गोफणी खुंटीला लागल्या. बंदुकीनं गोफण मागं पाडली असं कुणी लिहिलं तर ते आमच्यापुरतं खरं नाही. आमच्याकडं बंदूक आलीच नाही. ज्वारी गेली म्हणून गोफण गेली.

आता रब्बीला थोडी ज्वारी असते, ती बहुतेक हुरड्यापुरती. राखणीला पत्र्याचे डबे, चमकणाऱ्या पट्ट्या, कुठं कुठं फटाके. डुकरांसाठी काही जण कुंपणात वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, तसा रातच्याला पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. अशी बातमी वाचली की मला बहात्तरची खडी आठवते. राखण करायची तर हातातून सुटलेल्या वस्तूनं किती लांब जावं आणि कुठं फुटावं, हे आधी ठरवावं लागतं. आमची माणसं ते ओट्यावर बसून, ओल्या मातीत ठरवत होती.

चुलती गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिचे उरलेले गोटे तिच्या नातवाकडं एका फुटक्या रांजणात आहेत. काही तडकले, काहींचा भुगा झाला. मागं गेलो तेव्हा एक उचलून तळहातावर उडवला. छटाकाचाच होता.